कापूस वावरात राज्याचा, बंदरावर दिल्लीचा

ऑगस्टमध्ये पऱ्हाटीला पात्या-फुलं लागत होती आणि दिल्लीहून बातमी आली. परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आमच्याकडे कापूस घरात येतो तो नेमका याच काळात.

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात पानठेल्यावर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. एक म्हणे, अधिवेशनावर मोर्चा नेऊ, डिसेंबरात सगळं सरकार नागपुरातच असतं. दुसरा म्हणे, नागपूरवाल्यांच्या हातात काय आहे, दिल्ली गाठली पाहिजे. शेजारचे काका खर्रा घोटत ऐकत होते. त्यांनी विचारलं, "काहून बाप्पा, शेती राज्याचा विषय हाय म्हंतेत, मंग दिल्लीत कृषिमंत्री कायले ठेवला?"

ठेला गप्प झाला. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. त्याचं उत्तर आपल्या घटनेच्या मागच्या पानांत आहे आणि ते कळलं तर मोर्चा कुठे न्यायचा हेही बरंचसं कळतं.

## वाटणीचा कागद

संघराज्य म्हणजे एकाच देशात दोन पातळ्यांवरची सरकारं, आणि दोघांनाही अधिकार थेट घटनेने दिलेले. हा 'थेट' महत्त्वाचा आहे. तलाठ्याचं काम तहसीलदार कधीही काढून घेऊ शकतो, कारण तलाठी त्याच्या हाताखाली. केंद्र आणि राज्य यांचं नातं तसं नाही. ते वाटणी झालेल्या भावांसारखं आहे. थोरल्याचा हिस्सा मोठा, शब्दाला वजन जास्त, पण धाकट्याच्या वावरात त्याला विचारल्याशिवाय वखर घालता येत नाही.

या वाटणीचा कागद म्हणजे घटनेची सातवी अनुसूची. तिच्यात तीन याद्या आहेत. संघ सूचीत केंद्राचे विषय: संरक्षण, रेल्वे, चलन, बँका, परदेशी व्यापार, आयात-निर्यात शुल्क. राज्य सूचीत पोलीस, जमीन, शेती, पाणी, दवाखाने, बाजार. तिसरी समवर्ती सूची, म्हणजे दोघांचे सामाईक विषय: वीज, जंगल, शिक्षण, लग्न-घटस्फोट वगैरे. घटना लागू झाली तेव्हा या याद्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. पुढे काही इकडच्या तिकडे झाल्या. जंगल आणि शिक्षण आधी राज्यांकडे होते, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते सामाईक झाले.

सामाईक विहिरीचा अनुभव ज्याला आहे त्याला समवर्ती सूची समजावून सांगावी लागत नाही. दोघांनाही मोटर लावायचा हक्क. पण दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं आणि भांडण झालं, तर घटना म्हणते थोरल्याचं चालेल. केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा आमनेसामने आले तर सामाईक विषयात केंद्राचा टिकतो. राज्याने आपल्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी घेतली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो, पण संसद तोही पुढे बदलू शकते. आणि जो विषय तिन्ही याद्यांत कुठेच नाही, तो केंद्राचा. बांधाबाहेर उरलेला तुकडाही थोरल्याच्याच नावावर.

## एका बोंडाचा प्रवास

आता काकांचा प्रश्न. गोंधळ होतो तो आपण वस्तू धरून विचार करतो म्हणून: कापूस कोणाचा? घटना वस्तू वाटत नाही, त्या वस्तूवर चाललेलं काम वाटते. त्यामुळे एकच बोंड चार ठिकाणी चार मालकांखाली जातं.

बियाण्यापासून सुरुवात करू. बीटी कापसाला २००२ साली मंजुरी मिळाली ती केंद्राच्या समितीकडून, कारण जनुकीय बदल केलेल्या वाणांचे नियम केंद्राच्या पर्यावरण कायद्याखाली येतात. पाकिटाची कमाल किंमतही २०१५ च्या आदेशानंतर केंद्रच ठरवतं. पण कृषी केंद्रावर धाड घालणारा कृषी अधिकारी राज्याचा. तणनाशक सहन करणाऱ्या, ज्याला गावात 'चोर बीटी' म्हणतात, त्या बियाण्याची २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे उघड पेरणी झाली. शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले. कायदा दिल्लीचा आणि नोंदवणारे पोलीस महाराष्ट्राचे.

बी मातीत पडलं की राज्य सुरू. जमीन, सातबारा, सिंचन, कृषी सहायक, कृषी विद्यापीठ हे सगळं राज्याकडे. इथपर्यंत 'शेती राज्याचा विषय' हे वाक्य खरं आहे.

बोंड फुटलं, कापूस गाडीत भरला, गाडी बाजारात निघाली, की आपण सामाईक विहिरीवर पोहोचलो. हमीभाव केंद्र जाहीर करतं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल. राज्य सरकार आपली शिफारस पाठवतं, पण आकडा दिल्लीतच ठरतो. त्या भावाने खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, केंद्राची.

या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते. काकांनी नोंदणीसाठी मला बसवलं. ॲप केंद्राच्या महामंडळाचं. त्याला लागतो सातबारा, जो राज्याचा. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा हवा, म्हणजे ई-पीक पाहणी, तीही राज्याची. काकांच्या सातबाऱ्यावर अजून त्यांच्या वडिलांचंच नाव. ते जाऊन चार वर्षं झाली, फेरफार अडकलेला. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. नोंदणी रखडली. फोन लावला तर उत्तर, "सातबारा दुरुस्त करून आणा, आमचा विषय नाही." तलाठी कार्यालयात गेलो तर तिथे, "ॲपचं आम्हाला काय विचारता?" खरं म्हणजे दोघंही बरोबर बोलत होते. आठ बाय पाच सेंटिमीटरच्या त्या पडद्यावर दोन सरकारं शेजारी शेजारी बसली होती आणि मध्ये काकांचा कापूस अडकला होता.

चौथा टप्पा बंदराचा. परदेशी कापूस मुंबईला उतरतो तेव्हा त्यावर शुल्क किती, हे एकटं केंद्र ठरवतं. त्यासाठी राज्याला विचारायची गरज नाही, संसदेत नवा कायदाही लागत नाही. अर्थ मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते. म्हणून वावरात वर्षभर राज्याची माणसं फिरतात आणि भावाची दिशा कित्येकदा जिथे कापसाचं झाडही नाही अशा ठिकाणी ठरते. दिल्लीत कृषिमंत्री कशाला, याचं उत्तर हे. दिल्ली शेती करत नाही, पण शेतीच्या आधीचं आणि नंतरचं बरंच काही तिच्या ताब्यात आहे.

## घटनेत कापसाचं नाव आहे

बहुतेकांना हे ठाऊक नसतं. समवर्ती सूचीतली ३३ वी नोंद व्यापाराची आहे. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिच्यात अन्नधान्य, पेंडीसह जनावरांचा चारा, कच्चा ताग यांच्यासोबत कच्चा कापूसही घातला गेला, रुई काढलेला असो वा नसो, आणि सरकीसुद्धा. म्हणजे जिनिंगच्या फाटकाआत आणि बाहेर, दोन्हीकडचा माल घटनाकारांच्या वारसांनी मोजून ठेवला.

या एका नोंदीवर २०२० मध्ये केवढं रण माजलं ते आठवा. केंद्राने तीन कृषी कायदे केले. राज्यं म्हणाली, बाजार आमचा विषय, राज्य सूचीत लिहिलंय. केंद्र म्हणालं, शेतमालाचा व्यापार सामाईक आहे, ३३ वी नोंद वाचा. दोघांच्याही हातात कागद होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली आणि त्याच वर्षाअखेर केंद्राने कायदे मागे घेतले. हक्क कोणाचा, हा निवाडा राहूनच गेला.

उलट दिशेने महाराष्ट्राने फार आधी प्रयोग केला होता. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. राज्यात कापूस फक्त सरकारच विकत घेणार. पन्नाशीपुढच्या कोणालाही विचारा, संकलन केंद्रापुढच्या बंड्यांच्या रांगा, बंडीखालीच काढलेली रात्र, ग्रेडरच्या हातातला कापसाचा पुंजका आणि त्याने दिलेली प्रत, सगळं आठवेल. हमीभावावर बोनस मिळाला त्या वर्षी घरात लग्नं झाली. पण बाहेर भाव जास्त असला की माल सीमेपलीकडे जायचा आणि भाव पडला की सगळा केंद्रांवर यायचा. तोटा साचत गेला. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. माझं मत विचाराल तर योजना गैरकारभारानेही बुडाली, यात शंका नाही. पण नीट चालवली असती तरी दम लागलाच असता. राज्याने फाटक बांधलं होतं, पण आयात-निर्यातीचं कुंपण त्याच्या हातात नव्हतंच.

## कर्जमाफी कधी दिल्ली देते, कधी मुंबई, असं का?

इथे यादीतली आणखी एक गंमत. बँका संघ सूचीत. पण 'शेतीच्या कर्जबाजारीपणातून सुटका' हा विषय राज्य सूचीत, सावकारीच्या शेजारी, ३० व्या नोंदीत. म्हणून राज्य कर्जमाफी जाहीर करू शकतं, पण बँकेला 'हे कर्ज पुसून टाक' असं सांगू शकत नाही. पैसे भरावे लागतात. २०१७ आणि २०१९ च्या माफ्या राज्याच्या तिजोरीतून होत्या. २००८ ची केंद्राची. त्या माफीत पूर्ण सूट दोन हेक्टरपर्यंतच होती. ऊस-बागायतीच्या भागात दोन हेक्टर म्हणजे चांगली असामी. आमच्या कोरडवाहू भागात सात एकरवालाही कर्जात, आणि सात एकर म्हणजे दोन हेक्टरच्या वर. काकांच्या वडिलांना पूर्ण माफी मिळाली नाही ती यामुळे. तीन-चतुर्थांश कर्ज आधी भरा, मग उरलेलं सोडतो, असा तो पर्याय होता. तीन-चतुर्थांश भरायला असते तर कर्ज कशाला राहिलं असतं!

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी नागपूरचा महामार्ग अडवला गेला आणि राज्य सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं. त्या प्रश्नापुरतं दार बरोबर ठोठावलं होतं. आयात शुल्कासाठी तेच दार कितीही वाजवलं तरी आतून 'आम्ही केंद्राला पत्र लिहितो' एवढंच ऐकू येणार.

## पैसा कोणाचा, मेसेज कोणाचा

काकांच्या मोबाईलवर दोन वेगवेगळे मेसेज येतात. पीएम-किसानचे दोन हजार केंद्राचे, नमो शेतकरीचे दोन हजार राज्याचे. दोन्ही वर्षाला सहा-सहा हजार. हे सोपं. पीक विम्याचं मात्र नाव प्रधानमंत्र्यांचं आणि खिसे तीन. कापसाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, उरलेला हप्ता साधारण निम्मा केंद्र आणि निम्मा राज्य भरतं. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्साही राज्य भरत होतं आणि आपण एक रुपया देत होतो. २०२५ च्या खरिपापासून ते बंद झालं. विमा केंद्राने महाग केला अशी ओरड गावात झाली. खरं तर केंद्राचा दर होता तिथेच होता, राज्याने आपली ओंजळ काढून घेतली.

पण मोठा वाद वेगळा आहे. मोठे कर गोळा करते दिल्ली: आयकर, कंपनी कर. खर्चाची कामं राज्याकडे: दवाखाने, पोलीस, शाळा. म्हणून दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो आणि वाटा ठरवतो. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करातले ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला. शंभर रुपयांतले ४१ राज्यांचे, त्यातले आपले साधारण २ रुपये ५९ पैसे. आणि 'वाटपयोग्य' हा शब्द नीट पाहा. सेस आणि अधिभार या नावाने जे गोळा होतं ते वाटणीत येतच नाही. घरचा कापूस विकून पैसे सगळ्यांत वाटायचे, पण धुऱ्यावरची तूर मात्र थोरल्याने गुपचूप आपल्या कोठीत टाकायची, तसं ते आहे. राज्यांची ही तक्रार मला रास्त वाटते.

जीएसटीने आणखी एक बदल केला. २०१७ पासून कराचा दर ना एकटं केंद्र ठरवतं, ना एकटं राज्य, तर दोघांची मिळून एक परिषद. तिच्यात केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सर्व राज्यांचं दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश हवेत. हिशेब मांडा: केंद्र नको म्हणालं तर काहीच होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तो याच परिषदेतून.

## पण महाराष्ट्र जास्त भरतो, मग कमी का घ्यायचं?

हा आक्षेप मुंबई-पुण्याकडे फार ऐकू येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात सर्वांत मोठं वजन, ४५ टक्के, राज्याच्या दरडोई उत्पन्नाला होतं. जितकं राज्य गरीब, तितका वाटा मोठा. घरात कमावत्याच्या ताटात जास्त भाकरी आणि आजाऱ्याच्या ताटात कमी, असं कोणी वाढत नाही.

आणि हा मुद्दा विदर्भात बसून मांडताना जरा जपून मांडावा. महाराष्ट्र दिल्लीला जे ऐकवतो, त्याच्या अगदी उलट गोष्ट विदर्भ मुंबईला ऐकवत आला: मागास भागाला जास्त द्या. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे कोणता भाग किती मागे राहिला ते, मोजला तो याच तत्त्वावर. दिल्लीत एक तराजू आणि मुंबईत दुसरा, असं नाही चालणार.

## सातबाऱ्यावरचा एक शब्द

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत जुन्या मध्य प्रांताच्या नोंदींमुळे हजारो हेक्टर जमिनीवर 'झुडपी जंगल' असा शब्द चढलेला आहे. प्रत्यक्षात तिथे कुठे गुरांचं रान, कुठे शाळा, स्मशान, घरं. महसुली नोंद राज्याची. पण जमीन 'वन' ठरली की १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राच्या मंजुरीशिवाय दुसरा वापर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच आहे असं ठरवलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा, असा मार्गही ठेवला. ग्रामपंचायतीला पाण्याची टाकी बांधायची तर गावच्या कागदावरचा एक शब्द फाईल दिल्लीपर्यंत नेतो, ते असं.

रोही (नीलगायी) आणि रानडुकरांचंही तेच. नुकसानभरपाई राज्य देतं. पण एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो अधिकार केंद्राचा.

## मग सगळं एकाच सरकारकडे का नको?

ठेल्यावरच्या तरुण पोरांचं हे आवडतं मत. एक देश, एक सरकार, भानगड संपली. पण २००८ ची दोन हेक्टरची अट आठवा. दिल्लीत बसून देशभरासाठी एकच माप घेतलं की ते कोणाला सैल होतं आणि कोणाला काचतं. उलट सगळं राज्यांकडे दिलं, तर कापूस पिकवणारी राज्यं शुल्क वाढवतील आणि तमिळनाडूसारखी सूतगिरण्यांची राज्यं ते शून्य करतील. बंदरं दोघांकडेही आहेत. ऑगस्टमधल्या निर्णयाच्या मागे कापड उद्योगाचा रेटा होता, अमेरिकेच्या वाढीव शुल्काची झळ होती. निर्णय आम्हाला मारक ठरला आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण असा निर्णय घेणारी जागा एकच असावी, हे मला पटतं.

## आणि वेगळा विदर्भ?

हा विषय टाळता येत नाही. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. झालं उलट. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याआधीच्या १९५३ च्या नागपूर कराराची खूण म्हणून दर हिवाळ्यात अधिवेशन नागपूरला येतं.

नवं राज्य करायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिलाय, तोही साध्या बहुमताने. राज्याच्या विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, मानावं लागत नाही. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं, तरी २०१४ मध्ये तेलंगणा झालं. म्हणजे भावांच्या वाटणीचा जो दाखला मी वर दिला तो इथे लंगडा पडतो. वावरात न विचारता वखर घालता येत नाही, पण वावराचा धुराच सरकवायचा अधिकार थोरल्याकडे आहे. वेगळा विदर्भ झाला तरी आयात शुल्क दिल्लीतच ठरणार, हमीभाव तिथेच. जमीन, पाणी, पोलीस आणि सातबारा मात्र नागपूरच्या हाती येतील.

काकांचा फेरफार अखेर नोव्हेंबरात झाला आणि ॲपवर नाव चढलं. परवा त्यांचा नंबर लागला. पहाटे बोलेरो पिकअप भरून केंद्रावर गेलो. सीसीआय आठ टक्के ओलीला पूर्ण भाव देते, बारापर्यंत कापून घेते, बाराच्या वर घेतच नाही. यंत्राने साडेतेरा दाखवले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आता हे दव कोनत्या यादीत हाय, सांग."

गाडी परत आणली. कापूस अंगणात ताडपत्रीवर पसरलाय आणि काकू काठी घेऊन शेळ्या हाकलत बसल्यात.